गोल चौरंगावरची भरली वाटी

मी एक जुना चौरंग आहे. चौरंग म्हटले की तुम्हाला चार कोपरे आठवतील, पण मी गोल आहे. माझ्यावर कोणी बसत नाही, माझ्याभोवती बसतात. जमिनीवर गाद्या टाकायच्या, माझ्यावर दस्तरखान अंथरायचा, त्यावर पाव, लोणी आणि बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, मांडायचे आणि मग निवांत चहा प्यायचा, अशी आमच्याकडची रीत. मित्रांनो, मी कझाकांच्या देशातल्या कारागांदा शहरात राहतो आणि माझे चारही पाय कापलेले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना कळले की ते उगाच हळहळतात.

माझा जन्म नूरा नदीच्या काठच्या एका खेड्यात झाला. तेव्हा मोठे युद्ध चालू होते. राइनहोल्ड नावाच्या जर्मन सुताराला सरकारने त्याच्या व्होल्गाकाठच्या गावातून उचलून, आगगाडीत घालून, आमच्या गवताळ माळावर आणून सोडले होते. त्याच्यासारखी हजारो माणसे होती. बातिमा नावाच्या कझाक बाईने त्याला गोठ्याशेजारची खोली दिली. तिचा नवरा आघाडीवर, पदरात चार मुले, घरात खायची मारामार. तरी रोज संध्याकाळी ती त्याला चहाला बोलवायची. त्या चहाची परतफेड म्हणून त्याने बर्चच्या लाकडातून मला घडवले. खिळे मिळत नव्हते, म्हणून सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे केले. मोठ्या अभिमानाने त्याने मला घरात आणून ठेवले, आणि बातिमा पोट धरून हसायला लागली.

"राइनहोल्ड, हे काय घोड्याला जेवायला वाढायचंय का?"

"मावशी, टेबल एवढंच असतं."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे माणसं खाली बसतात. माझ्या पोरांनी काय उभ्यानं चहा प्यायचा?"

राइनहोल्डने डोके खाजवले आणि गुपचूप करवत आणली. माझे पाय गुडघ्यातून गेले. शरमेने की घाईने कोण जाणे, एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा थोडा जास्तच कापला गेला, म्हणून मी आजही जरासा डुगडुगतो. कापलेल्या तुकड्यांचे त्याने चार चमचे कोरले, प्रत्येक मुलाला एक. ते चमचे मुलांनी चावून चावून संपवले. माझे पाय चांगल्या कामी आले, असे मी आजही मानतो.

काय दिवस होते ते! बाहेर बर्फाचे वादळ घोंघावत असायचे आणि आत चहाच्या पाण्याचा समोवर गुणगुणत असायचा. बातिमा माझ्यावर पीठ सांडून मटणाबरोबरच्या चपट्या शेवया लाटायची. युद्ध संपल्यावर राइनहोल्डचे लग्न झाले ते माझ्याभोवतीच. बातिमाची मुले मोठी झाली, मग त्यांची मुले माझ्यावर अक्षरे गिरवू लागली. रायखान नावाच्या एका नातीने माझ्यावर शाईची दौत सांडली. तो जांभळा डाग अजून आहे आणि तो मला दागिन्यासारखा वाटतो.

मग बातिमा गेली. घर शहरातल्या चौथ्या मजल्यावर गेले. तिथे उंच पायांचे, चकचकीत टेबल आले आणि त्याच्याबरोबर सहा खुर्च्या. मला बाल्कनीत टाकले. माझ्यावर काकडीच्या लोणच्याच्या बरण्या आल्या, मोडकी घसरगाडी आली, कोणाचे तरी जुने बूट आले. ऊन, बर्फ, पुन्हा ऊन. माझी वरची फळी तडकली. काचेपलीकडे माणसे खुर्च्यांवर बसून जेवायची आणि जेवण झाले की एकेक जण उठून आपापल्या खोलीत जायचा. माझ्याभोवती बसलेला माणूस असा चटकन उठत नसे, कारण मांडी सोडायलाच वेळ लागतो. तेव्हा मला फार वाईट वाटले, मित्रांनो. कोणी मला सरपणाला घातले असते तरी मी हूं की चूं केले नसते.

इकडे रायखान मोठी झाली. मनाच्या दुखण्यांवर बोलून उपचार करण्याचे शिक्षण घेऊन ती आमच्या शहरात परत आली. तळमजल्यावरच्या एका खोलीत तिने समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या, मध्ये रुमालांचा डबा ठेवला, भिंतीवर घड्याळ लावले आणि हातात वही घेतली. शिकवले होते अगदी तसे. माणसे यायची. कोणाचा बाप तातार आणि आई युक्रेनची, कोणाची आजी पोलंडची आणि आजोबा कझाक. आमच्या शहरात याचे कोणाला नवल नाही, कारण इथे कित्येकांना राइनहोल्डसारखेच गाडीत घालून आणलेले आहे. पण ती माणसे रायखानसमोर बसली की गप्प व्हायची. शेवटी एक म्हातारा वायरमन टोपी हातात घेऊन उठला.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही समोर बसून विचारता आणि लिहून घेता. माझ्या आजोबांना असंच समोर बसवून विचारलं होतं, लिहून घेतलं होतं. नंतर ते घरी आलेच नाहीत."

त्याच रविवारी रायखान आईच्या बाल्कनीत आली आणि माझ्यावरच्या बरण्या खाली उतरवू लागली.

"एवढी शिकलीस आणि हे मोडकं नेतेस?" तिची आई म्हणाली. "त्याचे पाय तरी बघ!"

"पाय बघूनच नेतेय," रायखान म्हणाली.

तिने मला पुसले, तेल पाजले, तडकलेली फळी सांधली. खोलीतल्या खुर्च्या गेल्या, घड्याळ गेले, वही कपाटात गेली. गाद्या आल्या, समोवर आला. येणाऱ्या माणसाने हवे तिथे बसावे: दाराकडे तोंड करून, दाराजवळ, खिडकीशी, कुठेही. गोल चौरंगाला कोणी कोणाच्या अगदी समोर बसावे लागत नाही आणि बोलवत नसेल तर चहाकडे बघत राहता येते. रायखानचा पहिला प्रश्नही बदलला. ती आता विचारू लागली, "तुमच्या घरी चहा कोण ओतायचं?" या साध्या प्रश्नावर कोणी हसायचे, तर कोणी तासभर बोलत राहायचे. तो वायरमन परत आला तेव्हा मला माझ्या गोलपणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

आणि मग एका हिवाळ्यात झानिल आली. मला सांगायची आहे ती खरी तिचीच गोष्ट.

झानिल बसस्थानकावर घोषणा करायची. कोणती गाडी कुठे लागली आहे, कोणती उशिरा येते आहे, हे सगळ्या शहराला तिच्या आवाजात कळायचे. तिचे वडील कझाक आणि आई रोझा कोरियन. रोझाच्या आईबापांनाही फार पूर्वी असेच अतिपूर्वेकडून गाडीत घालून आणून उश्तोबेच्या माळावर सोडले होते. झानिल आत आली, मानाची जागा सोडून दाराला लागून बसली आणि चहा कोण ओतायचे हा प्रश्न ऐकताच तिचा चेहरा उतरला.

"मी सोडून कोणीही," ती म्हणाली.

हळूहळू कळत गेले. पाहुण्यांसमोर किटली धरली की तिचे हात थरथरायचे आणि श्वास अडकायचा. म्हणून सणावाराला ती स्वयंपाकघरात राबायची, सगळ्यांना आतून वाढून द्यायची आणि स्वतः चुलीपाशी उभ्याने खायची. इतकी वर्षे कोणाला काही खटकले नव्हते. उलट सासरी तिचे कौतुकच व्हायचे, किती कामसू सून म्हणून. पण आता तिच्या मुलीचे, दानाचे, लग्न ठरले होते. वसंतात मुलाकडची मंडळी घरी यायची होती. आमच्याकडे व्याह्यांचे येणे म्हणजे लहानसहान गोष्ट नाही. त्या दिवशी मुलीच्या आईने स्वतः बसून, स्वतःच्या हाताने विहिणीला, म्हणजे कुदागीला, चहा द्यायचा असतो. झानिलने दानाला सांगून टाकले होते की हे काही नको, कचेरीत जाऊन सह्या करा.

"ती मला म्हणाली, आई, तुला माझी लाज वाटते का?" झानिल सांगत होती. रायखानला ती आपाय, म्हणजे ताई, म्हणायची. "रायखान आपाय, मी पोरीला काय सांगू?"

रायखानने घाई केली नाही. "आज किटलीला हात लावायचा नाहीये," ती म्हणाली. "हात या चौरंगावर ठेव. लाकूड गार लागतंय का ऊन?"

"समोवरच्या बाजूला ऊन. इकडे गार."

"आणि हे काय लागतंय?"

"शाईचा डाग आहे. कोणी सांडली?"

"मीच. फार मार बसला होता." झानिल पहिल्यांदा हसली. तिचा तळहात माझ्यावरच होता. त्यानंतर ती यायची, बसायची, आधी माझ्यावर हात ठेवायची आणि मग बोलायची. बर्फ वितळायला लागले तेव्हा कुठे ती मूळ गोष्टीवर आली.

झानिल तेव्हा आठ वर्षांची होती. वडिलांची आई, कुलाश अझे, त्यांच्याच घरात राहायची आणि झानिल तिच्याच कुशीत वाढली होती. ती अझे पहिल्यांदा विहिणीच्या घरी उश्तोबेला गेली, नातीला बरोबर घेऊन. तिथे आईची आई होती. तिला झानिल अमे म्हणायची. आता आमची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कझाक घरात पाहुण्याला कान नसलेल्या वाटीत चहा देतात, तोही थोडासाच, तळापासून दोन बोटे. तो संपला की परत, तो संपला की परत. जितका थोडा ओतला तितका मान मोठा, कारण तुम्ही अजून खूप वेळ बसावे अशी यजमानाची इच्छा आहे. वाटी काठोकाठ भरून दिली तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि निघा.

"अमेनं किटली माझ्या हातात दिली," झानिल सांगत होती. "म्हणाली, तुझ्या अझेला तूच दे. मी आपली दोन बोटं ओतली. तर अमे म्हणते, भर ग, अजून भर. आपाय, मला माहीत होतं! अझेनंच मला शिकवलं होतं. पण अमे बघत होती. मी भरली, काठोकाठ भरली. थेंब सांडू न देता अझेसमोर नेऊन ठेवली."

"मग?"

"अझेनं वाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ओठ लावला नाही. उठली, कोट चढवला आणि स्टेशनवर जाऊन बसली. घरी आल्यावर त्या घराचं नाव काढलं नाही. आईला माहेरी जाऊ दिलं नाही. बाबा आपल्या आईसमोर कधी बोलले नाहीत. अमे वारली तेव्हासुद्धा आई मातीनंतर पोचली. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. आणि ती वाटी मी भरली होती."

एवढ्याशा पोरीने दोन आज्यांमध्ये उभे राहून काय करायला हवे होते, मला सांगा! मला एवढा राग आला होता की तोंड असते तर त्या दोघींना चांगले सुनावले असते.

रायखानने आपली वाटी रिकामी केली आणि झानिलच्या पुढे सरकवली. "मला दे. तेव्हा दिलीस तशी. नको वाटलं तर नको."

झानिलने किटली उचलली. हात थरथरत होता आणि मीही मेला नेमका डुगडुगलो. थोडा चहा दस्तरखानावर सांडला, पण वाटी भरली, काठोकाठ. झानिलने ती पुढे केली आणि डोळे मिटून घेतले. रायखान स्वतः कझाक, बातिमाची नात. तिने वाटी दोन्ही हातांनी घेतली, फुंकर घातली आणि सावकाश पूर्ण प्यायली. मग म्हणाली, "डोळे उघड. बघ, मी कुठे उठले?"

झानिल कितीतरी वेळ रडत होती. रुमालांचा डबा तेव्हा बरा कामी आला.

पण रायखानचे काम एवढ्यावर संपले नव्हते. तिने झानिलला विचारले, की आईशी यावर कधी बोलली आहेस का. झानिलने नकारार्थी मान हलवली. त्या घरात त्या दिवसाबद्दल कोणीच कोणाशी बोलले नव्हते. मग पुढच्या वेळी झानिलच्या मागून रोझाही आली. सत्तरीची, ताठ, तोंडाने फटकळ बाई.

"मला काही वेड लागलेलं नाही," तिने दारातच सांगितले.

"चहा प्यायला वेडं असावं लागत नाही," रायखान म्हणाली. "या, बसा."

"गुडघे दुखतात. आणि हा चौरंग हलतोय."

"तो ऐंशी वर्षं हलतोय. पडत नाही."

रोझा कुरकुरत बसली. झानिलने माझ्यावर हात ठेवून सगळे सांगितले. तीच किटली, तीच वाटी, आणि इतकी वर्षे मनात धरून ठेवलेले ते वाक्य: आई, तुझं माहेर माझ्यामुळे तुटलं.

रोझाचा ताठपणा कुठल्या कुठे गेला. "अग वेडे," ती म्हणाली, "आणि मी आजवर समजत होते, तुला माझ्या माहेरची लाज वाटते म्हणून तू आमच्यात बसत नाहीस!" मग तिने वाटी हातात घेतली. "तुझ्या अमेला त्या गाडीतून आणलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. डब्यात माणसं खचाखच. पाण्याला एकच पेला, तो हातोहात फिरायचा. तिच्यापर्यंत यायचा तेव्हा तळाशी दोन बोटं उरलेली असायची. ती तिनं धाकट्या भावाला पाजली. तरी तो वाटेतच गेला. त्यानंतर तिच्या घरात कोणाला अर्धी वाटी मिळाली नाही. शेजारीण येवो, टपालवाला येवो, काठोकाठ. मला हे तिनं शेवटच्या आजारात पत्रातून कळवलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"असलं लेकरांना सांगायचं नसतं, असं वाटायचं आम्हाला." रोझाने लेकीचा हात हातात घेतला. दोघींचे हात माझ्या शाईच्या डागावर होते. रायखान मुद्दाम उठून समोवरात पाणी घालायला गेली.

वसंत आला. झानिलने दानाला होकार कळवला, आणि व्याही यायच्या आदल्या दिवशी ती रायखानकडे येऊन अवघडून म्हणाली, "आपाय, एक मागू? तुमचा चौरंग एका दिवसासाठी द्याल?" मला शालीत गुंडाळून टॅक्सीत घातले. लग्नघरी निघालो होतो मी, मित्रांनो, इतक्या वर्षांनी!

व्याह्यांची मंडळी आली. कारकारालीच्या डोंगराकडची, घोडे पाळणारी, जुन्या वळणाची माणसे. विहीणबाई जाडजूड, पांढरा रुमाल बांधलेली, आणि नजर अशी की काही सुटू नये. तिला दारासमोरची मानाची जागा दिली. दाना कोपऱ्यात नखे खात होती. तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर येईल की नाही, हे तिलाही माहीत नव्हते.

झानिल आली. माझ्याजवळ बसली, तळहात माझ्यावर टेकवला, मग किटली उचलली. विहिणीच्या वाटीत रीतीप्रमाणे दोन बोटे चहा ओतला. आणि नेमकी तेव्हाच पलीकडून रोझा म्हणाली, अगदी सहज, जन्माच्या सवयीने, "भर ग, अजून भर."

झानिलचा हात हवेत थांबला. दाना पांढरी पडली. रोझाने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. विहीणबाई झानिलकडे बघत होती. मी सगळा जीव माझ्या त्या आखूड पायात गोळा केला आणि अजिबात हललो नाही.

झानिलने मोठा श्वास घेतला आणि बसस्थानकावरच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "कुदागी, माझ्या आईच्या घरी वाटी काठोकाठ भरतात. त्यांच्या माणसांनी तहान फार सोसलीय. माझ्या वडिलांच्या घरी भरली वाटी म्हणजे पाहुण्याला निघा म्हणणं. मी दोन्ही घरांची आहे. तुम्हीच सांगा, कशी देऊ?"

विहीणबाईने आधी रोझाकडे बघितले, मग वाटीकडे.

"भर," ती म्हणाली. "आणि मी उठते का बघ."

झानिलने भरली. विहीणबाई घोट घोट करत पूर्ण प्यायली, रुमालाने कपाळ पुसले आणि वाटी परत पुढे सरकवली. "आता थोडा थोडा दे बाई. आम्हाला रात्रीपर्यंत बसायचंय आणि माझं वय झालंय."

सगळी खोली हसली. दाना हसता हसता रडली. मग त्या गडबडीत विहीणबाई म्हणाली, "झानिल, तुझी वाटी कुठाय? तू नाही का घेत?" झानिलला वाटी नव्हतीच, तिने मांडलीच नव्हती. रोझा उठली, गुडघे दुखत असूनही उठली, वाटी घेऊन आली आणि स्वतः ओतून लेकीपुढे ठेवली. झानिल माझ्यापाशी बसून, सगळ्यांमध्ये बसून, चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी परत रायखानच्या खोलीत आलो. आता मी म्हातारा झालो आहे. सांधे करकरतात. माझ्यावर तापलेले भांडे थेट ठेवू नका, ओले फडके सोडू नका, अधूनमधून तेल पाजा, एवढेच मी स्वतःसाठी मागतो. आणखी एक मागणे आहे, ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कोणी सगळ्यांना वाढून स्वतः उभ्याने खात असेल, तर मित्रांनो, किती कामसू म्हणून मोकळे होऊ नका. त्या माणसाला हाक मारा आणि थोडे सरकून बसा. मी गोल आहे. माझ्याभोवती अजून एक माणूस मावतोच.